छबिलदासचें उसनें दालन

सणाच्या नाटकासाठीं आमच्या शाळेचीं बांकें हलविणारे तरुण पाहिले कीं दादरच्या एका शाळेची आम्हांस नेहमीं आठवण होते. तिचें सभागृहही असेंच साधें होतें; परंतु मराठी रंगभूमीच्या इतिहासांत त्यास जो मान मिळाला, तो कित्येक भव्य नाट्यमंदिरांच्या वांट्यास आलेला नाहीं.

श्रीमती विजया मेहता, श्री. विजय तेंडुलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० सालीं ‘रंगायन’ संस्था काढली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें तेंडुलकरांचें नाटक १९६७ मध्यें तिनेंच रंगभूमीवर आणलें. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे आणि बेणारेबाई झाल्या होत्या त्यांच्या पत्नी सुलभाबाई. पुढें संस्थेंत मतभेद झाले. १९७१ सालीं या दांपत्यानें स्नेह्यांसह ‘आविष्कार’ स्थापिली. पण हक्काची जागा कोठें होती? सुलभाबाई छबिलदास शाळेंत शिक्षिका होत्या. १९७४ पासून त्या शाळेचें सभागृह प्रयोगांस मिळूं लागलें.

तेथें फिरता रंगमंच नव्हता, भपकेदार नेपथ्य नव्हतें. प्रेक्षक मात्र नटाच्या इतका जवळ बसे कीं पुटपुटलेलें वाक्यही त्यास ऐकूं यावें. आमच्या मतें खरी मौज निराळीच होती. धंदेवाईक नाटकांत भाडें, जाहिरात, नटांच्या ‘नाइटी’, हा सारा खर्च निर्मात्याच्या उरावर असतो. दहा प्रयोग रिकामे गेले तर तो बुडतो. मग लोकांस काल जें आवडलें तेंच त्यानें आज पुन्हां द्यावें, यांत त्याचा दोष तरी किती धरावा? छबिलदासला नाटक पडलें तरी कोणाचें घर गहाण पडत नसे. त्यामुळें नवख्या लेखकासही तेथें चुकण्याची मुभा होती, आणि कलेस ही मुभा अन्नासारखी लागते.

‘आविष्कार’नें ही जागा केवळ आपल्यापुरती राखली नाहीं, हें विशेष. सत्यदेव दुबे आले. अमोल पालेकरांनीं बादल सरकारांचें ‘जुलूस’ येथें केलें. सरकारांनीं स्वतः कलकत्त्यास पडद्याचा रंगमंच सोडून प्रेक्षकांच्या मध्यें नाटक नेलें होतें, तेव्हां त्या नाटकास ही जागा शोभलीच. एक उणीव मात्र आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. गिरणगांव हांकेच्या अंतरावर असूनही येथील प्रेक्षक बहुतांशीं सुशिक्षित मध्यमवर्गच राहिला.

१९७८ सालीं जुहूस सुमारें दोनशें आसनांचें ‘पृथ्वी’ उघडलें. पण तें नाटकासाठींच बांधलेलें. छबिलदास उसनें होतें, व उसनी वस्तु केव्हां तरी परत करावी लागते. अरविंदराव १९८७ मध्यें वारले. त्यानंतर कांहीं वर्षांनीं दादरचें दालन सुटलें, आणि ‘आविष्कार’नें आपलें बिऱ्हाड माहीमला हलविलें, तेंही एका महापालिकेच्या शाळेंतच.