दुतर्फी असेल तर?

मार्च १९९० मधली गोष्ट. उल्हासनगरच्या परीक्षा केंद्रात रिंकू पाटील या दहावीच्या मुलीला पेटवून देण्यात आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. मी तेव्हा परळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. वर्तमानपत्रे त्या प्रकाराला ‘एकतर्फी प्रेम’ म्हणत होती, आणि आम्ही शिक्षकही तोच शब्द वापरत होतो. एके दिवशी तास संपल्यावर लालबागची एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, “बाई, दुतर्फी असेल तर?”

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने हळूहळू सांगितले. मुलगा तिच्याच चाळीतला, दोघांचे जमलेले. तो रोज कॉलेजच्या फाटकाशी उभा राही. पाच मिनिटे उशीर झाला की ‘कुणाशी बोलत होतीस?’ म्हणून उलटतपासणी. मैत्रिणी त्याने एकेक करून तोडल्या होत्या. दादर चौपाटीवर एकदा मनगट असे पिरगाळले की आठवडाभर तिने लांब बाह्यांचेच कपडे घातले. नंतर तोच रडला, पाया पडला. ‘तुझ्यावर जीव आहे म्हणूनच’ म्हणाला. घरी सांगावे तर शिक्षण बंद होणार.

मी काय म्हणाले असेन? “लग्न झालं की निवळेल.” पुढच्या वर्षी ती कॉलेजात दिसली नाही.

माझे सोडा, पण कायद्यापाशी तरी काय उत्तर होते? मारहाण आणि धमकी हे गुन्हे १८६० च्या दंड विधानापासूनच होते. १९८३ साली ४९८-अ हे कलम आले, तेही नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळासाठी. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. क्रॉफर्ड मार्केटसमोरची ही जागा, गिरगावातून चालत जाण्याजोगी. छळ झालेल्या सुनेलाही ती पायरी चढायला धीर लागे. बिनलग्नाच्या मुलीला तर ‘तो तुझा कोण?’ या पहिल्याच प्रश्नाला घाम फुटला असता.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहासारखे संबंध’ मान्य केले. मात्र नुसत्या भेटीगाठी त्यात बसत नाहीत, असे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ साली पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे, तिच्या ईमेलवर, इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे, हे सारे त्यात येते. म्हणून नकार एकदा लेखी कळवावा आणि त्याचे संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत. तो पुरावा असतो.

वसईच्या श्रद्धा वालकरला तर सगळे कळले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली: जोडीदार मारतो, ठार करून तुकडे करीन म्हणतो. पुढे तिनेच ती मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. आरोप त्याच जोडीदारावर आहे. ‘मग राहिलीच कशाला?’ हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. मला तो क्रूर वाटतो. माफी मागणारा माणूस खोटाच दिसतो असे नाही, आणि घरचे दार आधीच लागलेले असले की परतायचे कुठे?

आईवडिलांना माझे एकच सांगणे आहे. मुलगी काही बोलली, तर ‘तुझे शिक्षण बंद होणार नाही’ हे वाक्य आधी उच्चारा, बाकीची चौकशी मागाहून. पोलिसांसाठी ११२ आणि महिलांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असू द्यात. आणि मुलींनो, संबंध तोडल्यावर ‘शेवटचं एकदा भेट’ असा निरोप आला तर जाऊ नका. धोका सर्वांत जास्त असतो तो त्याच दिवसांत. त्याच्या वस्तू परत द्यायच्या असतील, तर भावाच्या किंवा मैत्रिणीच्या हाती पाठवा, आणि त्यांनाही एकटे धाडू नका.