शके १२१२ : सिंहासने आणि देशभाषा

इतिहास शिकविताना आपण बहुधा एका देशाचा धागा धरून शतकामागून शतक ओलांडीत जातो. क्वचित उलट मार्गही धरावा. एकच वर्ष निवडावे आणि त्या वर्षी निरनिराळ्या देशांत काय घडत होते ते पाहावे. मराठी वाचकास याकरिता शके १२१२, म्हणजे स्थूलमानाने इ. स. १२९०, याहून उचित वर्ष सापडणे कठीण.

या वर्षी दिल्लीस गुलाम सुलतानांची सत्ता संपून जलालुद्दीन खिलजी गादीवर आला. जुलैमध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने राज्यातील समस्त ज्यूंना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडण्याची आज्ञा केली. पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे त्यांना तेथे उघडपणे राहता आले नाही.

सत्ताधीशांची हकीकत येथे संपते. परंतु त्याच वर्षी पोर्तुगालचा राजा दिनिश याने लिस्बन येथे विद्यापीठ स्थापिले. हा राजा स्वतः लोकभाषेत गीते रचीत असे. फ्लॉरेन्समध्ये ८ जून रोजी बियात्रिचे निवर्तली, आणि तिच्या स्मृतीने व्याकूळ झालेल्या दान्तेने पुढे आपला ग्रंथ लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिला. इकडे प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगून पूर्ण केला. या तिहींचा परस्परांशी काडीमात्र संबंध नव्हता. मात्र विद्येची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी, ही स्थिती तिन्ही ठिकाणी सारखीच होती.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस यादवराजा रामचंद्राचा गौरवाने उल्लेख आहे. अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, जलालुद्दीनचा पुतण्या अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला आणि १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य लयास गेले. ग्रंथ मात्र राहिला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्याची पाठशुद्धी केली, ती कोणा राजाच्या आज्ञेने नव्हे.

पांढुर्णा-सौंसरच्या अध्यापकास या गोष्टीचे मर्म निराळे सांगावयास नको. पांढुर्ण्याच्या नैर्ऋत्येस, अमरावती जिल्ह्यात, महानुभावांचे ऋद्धिपूर आहे. तेथे ज्ञानेश्वरीच्याही आधी मराठी गद्य आकारास येत होते. सौंसरच्या आग्नेयेस रामटेकच्या टेकडीवर रामचंद्र यादवाच्या काळचा शिलालेख आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ही दोन्ही स्थळे विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेली आणि आपला प्रदेश मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा अशा पुन्हा पुन्हा आखल्या जातात.

म्हणून राज्य आपल्या भाषेचे नाही, एवढ्याने भाषा जात नाही. आणि राज्य आपल्या भाषेचे आहे, एवढ्याने ती टिकतही नाही. ती टिकते वाचणाऱ्यामुळे आणि वाचावयास शिकविणाऱ्यामुळे. शके १२१२ ची ही साक्ष वर्गात सांगण्याजोगी आहे.