एकाच वर्षाच्या दोन गोष्टी : १९८३

गणपतीची आरती मोबाइलवरून परदेशातल्या नातवंडांना दाखवताना त्यांचा फोन कोणत्या कंपनीचा आहे, हे आपण विचारत नाही. ही सोय मुळात लष्कराच्या गरजेतून जन्माला आली. तिची हकीकत आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'आर्पा' या संस्थेच्या पैशातून १९६९ साली 'आर्पानेट' हे संगणकांचे जाळे उभे राहिले. पण लष्कराला केवळ तारांवर विसंबून चालणार नव्हते. धावत्या वाहनांसाठी रेडिओचे आणि समुद्रापलीकडे बोलण्यासाठी उपग्रहाचे जाळे हवे होते. तशी ती तयारही झाली. मात्र तिन्हींची रीत निराळी, त्यामुळे एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना.

यावर रॉबर्ट कान आणि व्हिंटन सर्फ यांनी मे १९७४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्याही जाळ्याला आपली अंतर्गत रचना बदलायला लावू नये. दोन जाळ्यांच्या सीमेवर दुभाष्यासारखा एक संगणक बसवावा आणि टोकाच्या संगणकांनी समान नियम पाळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. यातूनच पुढे 'टीसीपी/आयपी' ही नियमावली घडली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी तिची कसोटी लागली. कॅलिफोर्नियातील हमरस्त्यावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेला मजकूर रेडिओ, तारा आणि उपग्रह अशा तिन्ही जाळ्यांतून युरोपला जाऊन परत कॅलिफोर्नियातच सुखरूप पोहोचला.

विशेष म्हणजे पैसा लष्कराचा असूनही ही नियमावली गुप्त ठेवली नाही. 'आरएफसी' म्हणजे 'अभिप्राय कळवा' या नावाने एप्रिल १९६९ पासून टिपणे निघत होती. त्याच मालिकेत १९८१ साली हे नियम प्रसिद्ध झाले. ते वाचून कोणीही यंत्र बनवावे. मग शत्रूनेही वाचले तर? याचे उत्तर ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच देऊन ठेवले होते : संदेश गुप्त ठेवणारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती किल्ली. कुलूप कसे चालते हे साऱ्या गावाला ठाऊक असते, म्हणून घरे फुटत नाहीत.

मार्च १९८२ मध्ये संरक्षण खात्याने टीसीपी/आयपी हे आपल्या संगणक जाळ्यांचे प्रमाण ठरवले आणि १ जानेवारी १९८३ ही मुदत दिली. कुरकुर पुष्कळ झाली. तेव्हा १९८२ मध्येच जुनी पद्धत एक दिवस बंद करून दाखवण्यात आली आणि मुदत खरी आहे हे सर्वांना उमगले.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९८३ रोजी, अमेरिकी सैन्य ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर उतरले. भूदल आणि नौदल यांनी आपापले रेडिओ आपापल्या सोयीने घेतलेले. किनाऱ्यावरच्या भूदलाला समोर उभ्या जहाजांशी थेट बोलणे अवघड झाले. एका अधिकाऱ्याने बेटावरच्या साध्या टेलिफोनवरून अमेरिकेतील आपल्या तळाला फोन लावून तोफांची मदत मागितली, अशी कथा अजून सांगतात. ती राहू द्या. पण तिसऱ्या दिवशी नौदलाच्या विमानांनी आपल्याच भूदलाच्या ठाण्यावर चुकून मारा केला आणि जवान जखमी झाले, हे मात्र घडले. अशा अनुभवांनंतर तिन्ही दलांना एकत्र काम करायला भाग पाडणारा 'गोल्डवॉटर-निकोल्स' कायदा १९८६ मध्ये झाला.

खाते एकच, वर्षही एकच. पैसा आणि हुशारी दोन्हीकडे होतीच. फरक एवढाच, की एकीकडे प्रसंग येण्याआधी बसून समान नियम ठरवले होते, दुसरीकडे प्रसंग आल्यावर शोधाशोध झाली.

आपल्या मराठीनेही हा फटका सोसला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असे. त्या काळच्या स्मरणिकांच्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर चित्रविचित्र खुणा दिसतात. छापील प्रत जपली असेल तरच तो मजकूर हाती लागतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही खूणगाठ बांधायलाच हवी. मंडळाचे जुने अंक, सभासदांच्या याद्या, वडीलधाऱ्यांच्या आठवणी जपायच्या त्या सर्वांना उघडता येईल अशाच रूपात जपाव्यात, आणि हे काम यंदाच हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती.