जिनाच्या चिमणीला चुनाच हवा

बोदवड हे भुसावळ-नागपूर रेल्वेमार्गावरचे, कापसाच्या पट्ट्यातले गाव. या पट्ट्यात विटांची उंच चिमणी दिसली की तिच्या पायथ्याशी कधीकाळी जिन असणार, असे बहुधा समजावे. अशी चिमणी गळू लागली की लोक दोनच उपाय सांगतात: सिमेंट थापा, नाहीतर पाडा. मला दोन्ही पटत नाहीत.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. वाफेवरचे जिन आले. बॉयलरच्या भट्टीला हवेची ओढ हवी, म्हणून चिमण्या उभ्या राहिल्या. हाताच्या चरकीवर सरकी काढायचे काम जिनात गेले. मुंबई सरकारने 1884 मध्ये नेमलेल्या फॅक्टरी आयोगापुढे खानदेशातल्या जिनांची वेळ सांगितली गेली: पहाटे पाच ते रात्री दहा. राबणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा होता.

भट्टी पेटलेली असेपर्यंत विटा कोरड्या राहतात. ती कायमची विझली की पावसाचे पाणी वरच्या थरांतून आणि दरजांतून आत मुरते. काजळीतल्या गंधकाला ओल मिळाली की त्याचे क्षार तयार होतात आणि दरजेतला मसाला फुगतो. एकच बाजू जास्त फुगली तर चिमणी कलते.

दरजेतला मसाला बोटाने सुटू लागला की दुरुस्तीची वेळ आली. पावसाळा संपल्यावर विटा वाळू द्याव्यात आणि हिवाळ्यात काम काढावे. मेच्या उन्हात चुना फार लवकर सुकतो. आधी माथ्याचे सुटे थर बसवावेत. मग सैल मसाला इंचभर खोल, हातानेच खरवडून काढावा, पाणी मारावे, चुना-सुर्खी दाबून भरावी आणि ओले गोणपाट बांधावे. सुर्खी म्हणजे विटेची भुकटी. फारसीत ‘सुर्ख’ म्हणजे लाल. सिमेंट मात्र जुन्या विटेपेक्षा कडक असते. ओल आत कोंडते आणि विटेचे तोंडच झडते. चिमणी कलली असेल तर गवंड्याआधी अभियंत्याला बोलवावे.

पाडायला सोपी म्हणून चिमणी पाडली जाते. पण रोज सतरा तास सरकी काढणाऱ्या त्या बायकांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. त्यांच्या कामाची गावात उरलेली खूण बहुधा ही चिमणीच आहे.