ग्रीस, मुरूम आणि माझी डर्ट जंप सायकल

आजचा एपिसोड सायकलच्या इतिहासाचा आहे, पण त्यात माझा एक जुना खोटेपणाही येणार आहे.

साल २०१२. मी नववीत, कोथरूडमध्ये. डर्ट जंपिंगचे व्हिडिओ बघून डोकं पार फिरलेलं. मातीच्या उंचवट्यावरून सायकल हवेत उडवायची! त्यासाठीची सायकल वेगळी असते : बहुतेकदा २६ इंची चाकं, छोटी दणकट फ्रेम, एकदम खाली सीट, पुढे शॉकअप, मागे नाही. माझ्याकडे होती बाबांनी घेऊन दिलेली साधी लोखंडी एमटीबी. मी मडगार्ड, स्टँड, कॅरिअर काढलं, सीट खाली केली आणि जाहीर केलं, ही माझी डर्ट जंप बाइक. एका बांधकामामागे मुरमाचा ढीग होता. तो आमचा रॅम्प.

मनातून मात्र लाज वाटायची. आपलं सगळं जुगाड, खरी सायकल तिकडे अमेरिकेत.

आता या एपिसोडसाठी वाचत बसलो आणि हसूच आलं. कारण तिकडेही जुगाडच होतं! १९६३ मध्ये श्विन कंपनीने लहान मुलांसाठी स्टिंग-रे ही २० इंची चाकांची सायकल काढली. कॅलिफोर्नियातली पोरं तीच घेऊन मातीत मोटोक्रॉसची नक्कल करू लागली. १९७१ च्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटात ती दिसली आणि हे वेड पसरलं. त्यातून बीएमएक्स आलं, जे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकपर्यंत पोचलं.

दुसरी गोष्ट तिथल्याच मरिन काउंटीची. काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायचे. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. ब्रेक म्हणजे पायडल उलटं दाबायचं. उतार असा की मागच्या हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि नंतर पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं 'रिपॅक'. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने अशा उतारांसाठी खास फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर दुकानात आली. बीएमएक्सची उडी आणि माउंटन बाइकची मोठी चाकं, दोन्ही मिळून डर्ट जंप बाइक.

'ग्रीस भरणं' वाचलं आणि आमचे सायकलवाले काका आठवले. दर मे महिन्यात ओव्हरहॉलिंग करताना ते हब उघडायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, नवं ग्रीस भरायचे.

एकदा मी उडीनंतर वाईट आपटलो. हँडलखालच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग दिसली. घरी कळलं तर सायकल बंद. मी भेगेवर स्टिकर चिकटवला.

चार दिवसांनी बाबा तीच सायकल घेऊन दूध आणायला गेले. उतारावर जोड तुटला. हनुवटीला सहा टाके. बाबा तडक काकांकडे गेले, "हलका माल विकता काय?" म्हणून चारचौघांत नको ते बोलले. काकांनी तुटलेला पाइप हातात घेतला, स्टिकर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काहीच बोलले नाहीत. वेल्डिंग करून दिलं, पैसे घेतले नाहीत.

पुढे मी बीटेक केलं. धातूत बारीक भेग कशी वाढत जाते, हे पेपरात व्यवस्थित लिहिलं. मार्कही मिळाले. घरी मात्र गप्प.

मागच्या दिवाळीत बाबांना सांगून टाकलं. ते बराच वेळ हनुवटीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला लागलं त्याचं काही नाही रे. पण त्या माणसाला मी काय काय बोललो!"

आम्ही दोघं गेलो. दुकानाच्या जागी आता मोबाइल कव्हर मिळतात. काका कुठे गेले, शेजारच्यांनाही माहीत नाही.

सायकल अजून पार्किंगमध्ये आहे. हँडलखाली वेल्डिंगचा गाठोळा तसाच आहे. परवा मी आणि बाबांनी मागचं हब उघडलं, छर्रे धुतले, ग्रीस भरलं. दोन छर्रे घरंगळून हरवले, ते अजून शोधतोय.

तुमच्या पहिल्या सायकलची गोष्ट मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!