बळी तो कान पिळी, की पंचांमुखी परमेश्वर?

आपल्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम, मुलांचे आरोग्य यांवर मैत्रिणी दरवर्षी छान लिहितात. मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. पण इतिहासाची पुस्तके वाचण्याची मला पहिल्यापासून गोडी. म्हणून यंदा जरा मोठा विषय घेते. जगातली युद्धे थांबायची तर देशादेशांतली भांडणे सोडवणारा कोणी निःपक्षपाती पंच हवा. हा विचार कसा वाढला, त्यात आपल्या स्त्रियांचा वाटा काय आणि तो आज कुठे अडला आहे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक 'बळी तो कान पिळी' आणि दुसरी 'पंचांमुखी परमेश्वर'. बांधावरून दोन भाऊ भांडले तर पूर्वी गावचे पंच बसत, आता कोर्टात जावे लागते. ज्याच्या हातात काठी त्याचाच बांध, हा न्याय आपल्याला पटत नाही. देशादेशांच्या व्यवहारात मात्र शतकानुशतके पहिल्याच म्हणीचे राज्य होते.

त्याला एक मोठा अपवाद १८७२ साली घडला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले होते. त्या वेळी इंग्लंडमध्ये बांधलेले 'अलाबामा' नावाचे जहाज दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांना मिळाले आणि त्याने अमेरिकेच्या कितीतरी व्यापारी जहाजांचा नाश केला. युद्ध संपल्यावर अमेरिकेने इंग्लंडकडे भरपाई मागितली. दोन्ही देश बलाढ्य, कोणीच मागे हटेना. अखेर १८७१ साली करार होऊन पंच नेमायचे ठरले. अमेरिका, इंग्लंड, इटली, स्वित्झर्लंड आणि ब्राझील यांचा एकेक पंच जिनिव्हा शहरी बसला. इंग्लंडने १ कोटी ५५ लाख डॉलर द्यावेत, असा निकाल लागला. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्या इंग्रजांनी ती रक्कम मुकाट्याने भरली. एकही गोळी सुटली नाही. मोठे देशही पंचांचे ऐकू शकतात, हे जगाने पाहिले.

पुढे १८९९ साली रशियाच्या झारच्या पुढाकाराने हॉलंडमधील हेग या शहरी २६ देशांची शांतता परिषद भरली आणि भांडणे मिटवण्यासाठी कायमचे लवाद न्यायालय स्थापन झाले. या परिषदेच्या वेळी ऑस्ट्रियाच्या बर्था फॉन सुटनर हेगमध्ये होत्या. 'शस्त्रे खाली ठेवा' अशा अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी १८८९ साली निघून खूप गाजली होती. १९०५ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अमेरिकन धनिक अँड्र्यू कार्नेगी यांनी या न्यायालयाच्या वास्तूसाठी १५ लाख डॉलर दिले आणि २८ ऑगस्ट १९१३ रोजी हेगच्या भव्य शांतता प्रासादाचे उद्घाटन झाले.

आणि दैवाचा खेळ पाहा! पुरते वर्षही लोटले नाही, तोच २८ जुलै १९१४ रोजी पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याच्या महिनाभर आधी, २१ जून रोजी, बर्थाबाईंनी डोळे मिटले होते. जन्मभर ज्याला विरोध केला ते युद्ध पाहणे त्यांच्या नशिबी आले नाही. वास्तू उभी राहिली होती, पण तिची पायरी चढण्याची राजांना गरज वाटली नाही.

आता मी आपल्या स्त्रियांच्या कामगिरीकडे येते. युद्ध ऐन भरात असताना, २८ एप्रिल ते १ मे १९१५ या दिवसांत, त्याच हेग शहरात बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया एकत्र जमल्या. त्यांत एकमेकांशी लढणाऱ्या देशांच्याही स्त्रिया होत्या. एकीचा मुलगा दुसरीच्या मुलावर बंदूक रोखून उभा असताना या माउल्या एका सभागृहात बसल्या! येण्याची वाटही सोपी नव्हती. अमेरिकेच्या स्त्रियांची बोट इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ कित्येक दिवस अडकून पडली. ब्रिटनमधून सुमारे १८० स्त्रियांना यायचे होते. सागरी वाहतूकच बंद झाल्यामुळे त्यांतल्या जेमतेम तिघी परिषदेत पोहोचू शकल्या. हॉलंडच्या पहिल्या स्त्री-डॉक्टर आलेटा याकोब्स यांनी परिषद भरवण्यात पुढाकार घेतला आणि अमेरिकेच्या जेन ॲडम्स अध्यक्ष झाल्या. जेनबाईंना पुढे १९३१ साली शांततेचे नोबेल मिळाले.

या स्त्रियांनी नुसते अश्रू ढाळले नाहीत. त्यांनी रीतसर ठराव केले. देशादेशांसाठी कायमचे न्यायालय हवे, सर्व राष्ट्रांची कायमची परिषद हवी आणि तिच्या कामात स्त्रियांनाही स्थान हवे, अशी त्यांची मागणी होती. हे ठराव घेऊन त्यांच्या प्रतिनिधी युरोपातल्या राजधान्यांत गेल्या, मंत्र्यांना भेटल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा केली. पण युद्ध संपल्यावर १९२० साली राष्ट्रसंघ निघाला आणि १९२२ साली शांतता प्रासादात आंतरराष्ट्रीय न्यायालय बसू लागले. राष्ट्रसंघ दुबळा ठरला. जपानने मांचुरिया घेतला, इटलीने इथिओपिया गिळला, त्याने काहीच झाले नाही आणि दुसरे महायुद्ध पेटले. त्यानंतर १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि १९४६ पासून त्याच प्रासादात आजचे आंतरराष्ट्रीय न्यायालय काम करू लागले. त्यात पंधरा न्यायाधीश असतात, मुदत नऊ वर्षांची आणि एका देशाचे दोन न्यायाधीश चालत नाहीत.

या न्यायालयात आपल्या मराठी भाषेचेही कागद वाचले गेले, हे कित्येकींना ठाऊक नसेल. १९५४ साली महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा इथल्या स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या तावडीतून सोडवली. त्यांत आपले लाडके गायक सुधीर फडकेही होते. आपल्या मुलुखातून तिथे सैन्य न्यायला भारताने पोर्तुगालला मज्जाव केला. तेव्हा २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगमध्ये दावा लावला. आधार काय, तर १७७९ चा पेशव्यांचा पुण्याचा तह आणि नंतरच्या सनदा. पेशव्यांनी ही गावे राज्य म्हणून दिली की बारा हजार रुपये वसुलापुरती दिली, हा प्रश्न निघाला. न्यायाधीशांनी मराठी मजकुराचा कीस काढला आणि हे तर जहागीर-सरंजामासारखे वसुलाचे दान, राज्याचे नव्हे, असे ठरवले. मात्र पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती, हेही त्यांनी नोंदवले.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. पोर्तुगालच्या खाजगी माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला जाण्यायेण्याचा हक्क होता, असे अकरा न्यायाधीशांनी म्हटले, चौघे विरुद्ध होते. सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. म्हणजे एक गोष्ट आपल्याविरुद्ध गेली, दोन आपल्या बाजूने. पंच म्हणतात तो असा. अलीकडे २०१९ साली कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने भारताची बाजू उचलली आणि पाकिस्तानला फाशीचा फेरविचार करायला सांगितले.

मग जगात शांतता का नाही? कारण या पंचांच्या हाती शिपाई नाही. निकाल अमलात आणायचा तर सुरक्षा परिषदेकडे जावे लागते आणि तिथे पाच मोठ्या देशांना नकाराधिकार आहे. १९८६ साली निकाराग्वा या चिमुकल्या देशाच्या दाव्यात न्यायालयाने अमेरिकेला दोषी ठरवले. अमेरिकेने निकाल मानला नाही आणि सुरक्षा परिषदेत ठराव आला तेव्हा नकाराधिकार वापरला. इथे पुन्हा बळी तो कान पिळी!

मात्र आपणही स्वतःला विचारले पाहिजे. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या सैन्याने गोवा मुक्त केला, त्याचा मला आनंदच आहे. साडेचारशे वर्षांची ती गुलामी होती. तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध आलेला ठराव रशियाच्या नकाराधिकारामुळे पडला. तो नकाराधिकार आपल्याला गोड लागला, अमेरिकेचा कडू लागतो. न्यायालयाचा अधिकारही भारताने काही अटी घालूनच मान्य केला आहे. इतर अनेक देशांनी तसेच केले आहे. निकाल आपल्या बाजूने लागेल तेव्हाच पंच चांगला, अशी सर्वांचीच रीत असेल तर न्यायाचे राज्य यायचे कसे? एकच नियम धाकट्याला आणि थोरल्याला, परक्याला आणि आपल्याला लागू झाला, तरच तो कायदा.

आणखी एक खंत. १९१५ साली ज्या स्त्रियांनी हे न्यायालय मागितले, त्यांच्यापैकी कोणालाच तिथे खुर्ची मिळाली नाही. कायमच्या न्यायाधीश म्हणून पहिली स्त्री, इंग्लंडच्या रोझलिन हिगिन्स, १९९५ साली तिथे बसल्या. मध्ये ऐंशी वर्षे गेली! २००६ साली त्या अध्यक्षही झाल्या. आजही तिथवर पोहोचलेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

भगिनींनो, हेग आपल्यापासून फार दूर आहे. पण आपल्या मुलामुलींना गल्लीतल्या भांडणात सुद्धा दोन्ही बाजू ऐकायची सवय आपणच लावायची असते, आणि चूक आपल्या पोराची निघाली तर तसे सांगण्याचे धैर्यही आपल्याकडेच हवे. इतिहासाच्या पुस्तकातल्या लढाया त्यांना पाठ असतात. त्यांच्या जोडीला १९१५ च्या त्या अकराशे स्त्रियांची गोष्टही त्यांना एकदा सांगा, एवढीच माझी विनंती.