पेटी (हार्मोनियम) : रचनाभेद आणि वादकांची पसंती

महाराष्ट्रात पेटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हार्मोनियमचे पायपेटी, हातपेटी, ऑर्गन, स्केलचेंजर आणि श्रुतिपेटी असे प्रकार गेल्या दीडशे वर्षांत वादकांच्या हाती आले. हा क्रम सुधारणेचा मानण्याचा प्रघात आहे. उपलब्ध पुरावा मात्र वेगळे सांगतो. वादकाने कोणती पेटी घ्यायची हे बहुतेक वेळा तो कोणाला साथ करतो आणि कोठे बसून करतो यावर ठरले. जो साथ बाजूला ठेवून एकल वादनाकडे वळला, त्याची पसंती पुष्कळदा साध्या, जुन्या बांधणीकडे परतली.

अलेक्झांडर दबें याने पॅरिसमध्ये 1842 च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचे होते. बैठकीत गायक आणि तबलजी जाजमावर बसत असल्याने अशी पायपेटी तेथे अवघडच होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी 1875 नंतरच्या दशकात हातभात्याची पेटी रूढ केली असे मानले जाते. या पेटीत डावा हात भात्यात अडकतो. दोन्ही हातांनी स्वरसंघ वाजवणाऱ्या युरोपीय वादकाला हे मोठे नुकसान वाटले असते, पण गळ्यामागून एकेरी स्वरावली नेणाऱ्या साथीदाराला त्याची उणीव भासली नाही. नाट्यगृहातली गरज उलट होती. तेथे वादक रंगमंचापुढे बसे, खुर्चीची अडचण नव्हती आणि ध्वनिवर्धकाविना थिएटर भरून टाकणारा, न तुटणारा नाद हवा होता. त्यामुळे गंधर्व नाटक मंडळीच्या (स्थापना 1913) काळात ऑर्गन मराठी रंगभूमीवर स्थिरावला. त्यात हवा बाहेर ढकलली न जाता आत ओढली जाते, म्हणून नाद अधिक गोल आणि मऊ येतो. गोविंदराव पटवर्धन (1925–1996) आणि तुळशीदास बोरकर (1934–2018) यांनी नाटकात ऑर्गन आणि मैफलीत पेटी अशी दोन्ही वाद्ये सारख्याच अधिकाराने हाताळली. पसंती वादकाच्या स्वभावापेक्षा जागेने ठरते, याला याहून चांगला पुरावा नाही.

स्केलचेंजर ही साथीदाराच्या गरजेतून आलेली रचना आहे. एका संध्याकाळी काळी एकमध्ये गाणारा गायक आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका, दोघांना साथ करायची तर साध्या पेटीवर प्रत्येक षड्जाची बोटे वेगळी बसवावी लागतात. स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांची चौकट खालच्या दांड्यांवर केवळ टेकलेली असते. ती उचलून बाजूला सरकवली आणि पुन्हा बसवली की प्रत्येक पट्टी शेजारच्या दांडीवर येते. बोटे तीच राहतात, षड्ज बदलतो. मात्र पट्ट्या सरकल्या तरी आतले पितळी सूर जागच्या जागी असतात. आज षड्ज असलेला सूर उद्या गंधार होणार, म्हणून बाराही सूर समान अंतरावर लावण्यावाचून गत्यंतर नसते. अशा पेटीत शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर पडतो, तर नैसर्गिक गंधार सुमारे 386 सेंटवर असतो. हा 14 सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200 वा भाग) फरक कानाला कळत नाही असा आक्षेप घेतला जातो. तंबोरा नसेल तर तो काहीसा खराही आहे. पण जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून नैसर्गिक गंधार आपोआप उमटतो आणि त्याच्याशेजारी चढा गंधार धरला की नाद थरथरतो. म्हणूनच एकल वादकांचा मोठा वर्ग एकाच षड्जावर गंधार ट्यूनिंग केलेली, म्हणजे नैसर्गिक गंधाराला जुळवलेली, साधी पेटी पसंत करतो. सांधे कमी असल्याने तिच्या पट्ट्या बोटाला हलक्या लागतात, हेही एक कारण आहे.

या मांडणीवर मुख्य आक्षेप असा की रचना श्रुतींच्या (सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांच्या) वादाने बदलली, साथीने नव्हे. वाद झाला हे खरे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या प्रयत्नातून 1911 मध्ये लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने श्रुतिपेटी बनवली. गायक अब्दुल करीम खाँ यांचे या प्रयोगास आरंभी साहाय्य होते. 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत ही पेटी चर्चेत आली, पण तिचा प्रसार झाला नाही. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवरच बंदी घातली आणि 1971 मध्ये ती अंशतः उठवली. एवढी मोठी बंदीही रचना बदलू शकली नाही, कारण नाटक, कीर्तन आणि मैफल यांत वाद्य चालूच होते. देवलांच्या प्रयत्नामागे खरी तळमळ होती, ती विसरता येणार नाही. पण गायकामागे क्षणोक्षणी धावणाऱ्या वादकाला श्रुतिपेटीच्या सप्तकातल्या वाढीव पट्ट्या सांभाळणे परवडणारे नव्हते. डॉ. विद्याधर ओक यांच्या 22 श्रुतींच्या पेटीत पट्ट्या बाराच आहेत आणि रागाला हवी ती श्रुती खुंट्यांनी आधीच निवडता येते. देवलांच्या वेळची अडचण तिने बऱ्याच अंशी दूर केली, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाची जोड देऊन संवादिनी घडवली, ती मुख्यतः एकल वादनासाठी.